काळी स्क्रीन आणि तुटलेली कडी: लिनक्सवर ग्राफिक्स ड्रायव्हर कुठे अडतो

ड्रायव्हर टाकला, मशीन रीस्टार्ट केलं, लोगो आला आणि मग नुसती काळी स्क्रीन. किंवा डेस्कटॉप येतो, पण विंडो हलवली की फरफटत येते, पंखा जोरात फिरायला लागतो आणि साधा व्हिडिओही अडखळतो. अशा वेळी बहुतेकांचा हात एकाच गोष्टीकडे जातो: आहे तो ड्रायव्हर काढायचा आणि दुसरा टाकायचा. तो चालला नाही की तिसरा. दोन-तीन तासांनी मशीनवर तीन वेगळ्या आवृत्त्यांचे अवशेष साचतात आणि मूळ बिघाड काय होता याचा माग पुसला जातो. म्हणून नवीन काहीही टाकण्याआधी मशीनला विचारावं. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आपल्या लॉगमध्ये (घडामोडींच्या नोंदींत) बहुतेक वेळा कारण चक्क लिहून ठेवतो. ते वाचायचं राहून जातं, एवढंच.

पुढे कमांड, फाइल आणि एरर यांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, सहसा लहान अक्षरांत टाकायच्या. आपण ‘एलएसपीसीआय’ म्हणतो तीच कमांड टाइप करताना पाच रोमन अक्षरांची होते.

ड्रायव्हर म्हणजे एक फाइल नाही

विंडोजची सवय असलेल्याला वाटतं की ड्रायव्हर म्हणजे एक इन्स्टॉलर. लिनक्समध्ये तो एका साखळीसारखा असतो, आणि कुठलीही एक कडी तुटली तरी पडद्यावर दिसणारा परिणाम जवळपास सारखाच असतो.

सगळ्यात खाली कर्नल मॉड्यूल. कार्डाशी प्रत्यक्ष बोलणारा हाच. इंटेलसाठी ‘आय९१५’ किंवा नव्या चिपसाठी ‘एक्सई’, एएमडीसाठी ‘एएमडीजीपीयू’ आणि जुन्या कार्डांसाठी ‘रेडिऑन’, एनव्हिडियासाठी एक तर समुदायाने तयार केलेला ‘नूव्हो’ किंवा कंपनीचा स्वतःचा ‘एनव्हिडिया’. त्याच्या जोडीला फर्मवेअर: कार्डाच्या आतल्या छोट्या प्रोसेसरना सुरू होताना द्यावा लागणारा कोड. तो /लिब/फर्मवेअर या फोल्डरमध्ये असतो. त्याच्या वर ओपनजीएल आणि व्हल्कन, म्हणजे प्रोग्रॅमना कार्डाकडून चित्र काढून घेण्याच्या सोयी, पुरवणाऱ्या लायब्ररी. इंटेल, एएमडी आणि नूव्होसाठी हे काम ‘मेसा’ करतो, एनव्हिडिया स्वतःच्या लायब्ररी आणतो. आणि सगळ्यात वर एक्स सर्व्हर किंवा वेलँडचा कॉम्पोझिटर, म्हणजे प्रत्यक्ष डेस्कटॉप रंगवणारा भाग.

तपासणी खालून वर करायची. मॉड्यूलच लोड झालं नसेल तर डेस्कटॉपची सेटिंग उलटसुलट करून काहीही साधत नाही.

आधी टर्मिनल हातात घ्या

स्क्रीन काळी असली तरी मशीन बहुधा चालू असतं. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. लॉगिन मागणारी अक्षरी स्क्रीन आली तर कर्नल ठीक आहे, वरचा भाग कोसळला आहे. ही स्क्रीन एफ३ ते एफ६ पैकी कशावरही मिळू शकते. दुसरं मशीन जवळ असेल आणि एसएसएच (नेटवर्कवरून टर्मिनल उघडण्याची सोय) आधीपासून चालू असेल तर तिथून आत शिरणं सगळ्यात सोयीचं.

तेही नाही जमलं तर ग्रबच्या, म्हणजे सुरुवातीला कर्नल निवडून लोड करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, मेनूवर थांबा. मेनू लपलेला असेल तर यूईएफआय मशीनवर सुरू होताना एस्केप, जुन्या बायोसवर शिफ्ट दाबून ठेवा. तिथे ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधीचा कर्नल दिसतो. कर्नल अपडेटनंतर लगेच बिघाड झाला असेल तर पहिला प्रयत्न हाच. जुन्या कर्नलवर डेस्कटॉप आला तर कार्ड चांगलं आहे, मॉनिटर चांगला आहे, नव्या कर्नलसाठी मॉड्यूल तयार झालेलं नाही. निम्मं निदान एका रीस्टार्टमध्ये झालं.

जुना कर्नलही अडला तर मेनूवरच ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्या शेवटी एक जागा सोडून ‘नोमोडसेट’ लिहा आणि कंट्रोल-एक्स किंवा एफ१० दाबा. हा बदल फक्त त्या एका बूटपुरता असतो.

या ‘नोमोडसेट’बद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्याने जितकी मशीन वाचतात तितकीच पुढे रखडतात. त्याचा अर्थ असा की कर्नलमधल्या ग्राफिक्स ड्रायव्हरने स्क्रीनचा मोड स्वतः ठरवू नये, मदरबोर्डच्या फर्मवेअरने दिलेल्या साध्या चित्रपटलावर काम भागवावं. तो लावलेला असेपर्यंत ‘एएमडीजीपीयू’, ‘आय९१५’ आणि ‘नूव्हो’ कार्डाचा ताबा घेतच नाहीत. कुणीतरी सांगितलं म्हणून तो /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब या फाइलमध्ये कायमचा लिहिला जातो, अडचण तात्पुरती मिटते, आणि महिन्याभराने ‘ड्रायव्हर आहे पण सगळं मंद आहे’ अशी तक्रार सुरू होते. म्हणून कुठलीही तपासणी करताना आधी ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’ चालवा. कर्नल कोणत्या सूचनांवर सुरू झाला ते एका ओळीत दिसतं. तिथे ‘नोमोडसेट’ असेल तर ग्रबच्या फाइलमधून काढा. मग उबुंटू-डेबियनवर ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवून रीस्टार्ट करा आणि मगच पुढचं बघा.

कार्ड कोणतं, आणि त्यावर बसलंय कोण

‘एलएसपीसीआय’ला एन, एन आणि के हे पर्याय जोडून चालवा. यादी लांब येते. त्यात ‘व्हीजीए’ शोधाच, पण ‘थ्रीडी’ही शोधा. दोन कार्डं असलेल्या लॅपटॉपमध्ये दुसरं कार्ड पुष्कळदा ‘थ्रीडी कंट्रोलर’ या नावाखाली येतं, आणि फक्त ‘व्हीजीए’ शोधणाऱ्याला कार्ड मेलंय असं वाटतं.

कार्डाच्या नावाशेजारी चौकटी कंसात दोन भागांचा क्रमांक असतो. पहिला भाग बनवणाऱ्याचा: १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी, ८०८६ म्हणजे इंटेल. दुसरा भाग नेमक्या मॉडेलचा. खोक्यावरच्या नावापेक्षा हा क्रमांक विश्वासाचा, कारण एकाच नावाखाली वेगळ्या पिढीच्या चिप विकल्या जातात.

त्याखालच्या दोन ओळी नीट वाचा. ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ म्हणजे आत्ता ताबा कुणाकडे आहे. ‘कर्नल मॉड्यूल्स’ म्हणजे या कार्डासाठी डिस्कवर काय काय उपलब्ध आहे. समजा खालच्या ओळीत ‘नूव्हो, एनव्हिडिया’ दोन्ही आहेत आणि वरच्या ओळीत ‘नूव्हो’. मग ड्रायव्हर बसलेला आहे, पण ताबा दुसऱ्याकडे आहे. खालच्या ओळीत ‘एनव्हिडिया’ नसेलच तर मॉड्यूल या कर्नलसाठी तयारच झालेलं नाही. आणि ‘इन यूज’ ही ओळच नसेल तर कुणीतरी लोड व्हायचा प्रयत्न केला आणि नाकारला गेला, किंवा कुणी प्रयत्नच केला नाही. या तीन स्थितींचे उपाय अगदी वेगळे आहेत. यातल्या चुकीच्या स्थितीचा उपाय केला की आणखी एक बिघाड तयार होतो.

एएमडी आणि इंटेल: इथे सहसा काही टाकायचंच नसतं

या दोन्हींचे ड्रायव्हर कर्नलमध्ये आणि मेसामध्ये आधीच असतात. एएमडीच्या संकेतस्थळावरचं वेगळं पॅकेज मुख्यतः गणनेच्या खास कामांसाठी असतं आणि ते ठरावीक वितरणांच्या (उबुंटू, फेडोरा यांसारख्या लिनक्सच्या प्रकारांच्या) ठरावीक आवृत्त्यांवरच नीट बसतं. रोजच्या डेस्कटॉपसाठी आणि खेळांसाठी त्याच्या मागे लागू नये.

तरीही अडलं तर दोन कारणं पुन्हा पुन्हा निघतात. एक, कार्ड नवं आणि कर्नल जुना. दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या वितरणात दोन वर्षांपूर्वीचा कर्नल असू शकतो. त्याला गेल्या महिन्यात बाजारात आलेली चिप माहीतच नसते. उपाय म्हणजे नवा कर्नल आणि त्याच्यासोबत नवा मेसा. एकच बदलला तर कडी अर्धीच जुळते.

दुसरं कारण फर्मवेअरचं. कर्नलचा लॉग दाखवणारी ‘सुडो डीमेसेज’ चालवून ‘फर्मवेअर’ हा शब्द शोधा. ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड फॉर एएमडीजीपीयू’ अशी सुरुवात आणि शेवटी ‘फेल्ड विथ एरर -२’ असं दिसलं, तर त्या उणे दोनचा अर्थ सरळ आहे: फाइल सापडली नाही. कार्ड खराब नाही, ड्रायव्हर खराब नाही. डेबियनवर ‘फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स’ हे पॅकेज टाका; उबुंटू, फेडोरा आणि आर्चवर ‘लिनक्स-फर्मवेअर’ अद्ययावत करा. डेबियन १२ पासून, म्हणजे २०२३ पासून, फर्मवेअरसाठी ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा वेगळा विभाग आहे. जुन्या आवृत्तीवरून अपग्रेड केलेल्या मशीनच्या रिपॉझिटरी (पॅकेजच्या भांडारांच्या) यादीत तो बहुधा नसतो, आणि मग पॅकेज असूनही ‘सापडत नाही’ असं उत्तर येतं.

एनव्हिडिया: आधी आवृत्तीची शाखा ठरवा

खरी गुंतागुंत इथे आहे. कारण कंपनीचं मॉड्यूल कर्नलच्या बाहेर राहतं आणि कर्नल बदलला की त्याच्यासाठी ते नव्याने तयार व्हावं लागतं.

सगळ्यात नवी आवृत्ती म्हणजे सगळ्यात चांगली, हा समज इथे महागात पडतो. ५८० ही मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या पिढ्यांना चालवणारी शेवटची शाखा. जीटीएक्स ९०० आणि जीटीएक्स १० मालिकेची कार्डं यात येतात. केप्लरसाठी, म्हणजे जीटीएक्स ६०० आणि ७०० मालिकेतल्या बहुतेक कार्डांसाठी, ४७० ही शाखा आणि त्याहून जुन्या फर्मीसाठी ३९०. यातली ३९० ची देखभाल २०२२ मध्ये थांबली, ४७० ची २०२४ मध्ये. परिणामी नव्या कर्नलवर त्या कंपाइल होतीलच, म्हणजे सोर्समधून तयार होतीलच, असं नाही. फर्मीच्या कार्डावर माझ्या मते नूव्हो ठेवणंच शहाणपणाचं. जुन्या शाखेमागे धावून मिळणारा वेग रोजच्या कामात जाणवत नाही आणि प्रत्येक कर्नल अपडेटला जीव टांगणीला लागतो.

दुसरी निवड मॉड्यूलच्या प्रकाराची. मे २०२२ मध्ये ५१५ आवृत्तीबरोबर एनव्हिडियाने कर्नल मॉड्यूलचा मुक्त स्रोत प्रकार दिला. तो ट्युरिंग आणि पुढच्या पिढ्यांवरच चालतो, म्हणजे जीटीएक्स १६, आरटीएक्स २० आणि त्यानंतरची कार्डं. कारण त्याला कार्डावरचा ‘जीएसपी’ हा व्यवस्थापक प्रोसेसर लागतो आणि जुन्या कार्डांत तो नाही. उलट आरटीएक्स ५० मालिकेला हाच प्रकार लागतो, जुना बंद प्रकार तिथे चालत नाही. पॅकेजच्या नावात ‘ओपन’ आहे की नाही, या एका शब्दावर पुष्कळांचा अख्खा दिवस जातो.

आणि इथेच लॉग वाचण्याचं मोल कळतं. ‘सुडो डीमेसेज’मध्ये ‘एनव्हीआरएम’ हा शब्द शोधा. या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी एनव्हिडियाचं मॉड्यूल स्वतः लिहितं. ‘लेगसी ड्रायव्हर्स’ असं लिहून पुढे शाखेचा आकडा दिलेला असेल तर कोणती शाखा टाकायची हे त्यानेच सांगितलं. ‘जीएसपी नाही म्हणून मुक्त मॉड्यूल चालणार नाही’ अशा अर्थाची ओळ असेल तर बंद प्रकार घ्या. ‘प्रोब रूटीन वॉज नॉट कॉल्ड’ असेल तर कार्ड आधीच दुसऱ्या कुणाच्या ताब्यात आहे, आणि तो कोण असू शकतो त्यांची नावंही खालच्याच ओळीत असतात: नूव्हो, एनव्हिडियाएफबी वगैरे.

मॉड्यूल तयार होतंय का

बऱ्याच वितरणांत हे काम ‘डीकेएमएस’ करतं. कर्नल बदलला की ते मॉड्यूल पुन्हा कंपाइल करतं. त्यासाठी त्याला कंपाइलर लागतो आणि नेमक्या त्याच कर्नलचे हेडर्स, म्हणजे मॉड्यूल बांधताना कर्नलची माहिती देणाऱ्या फाइल. ‘डीकेएमएस स्टेटस’ चालवल्यावर अशी ओळ यायला हवी:

एनव्हिडिया/५५०.१२०, ६.८.०-४५-जेनेरिक, एक्स८६_६४: इन्स्टॉल्ड

पहिला आकडा ड्रायव्हरचा, दुसरा कर्नलचा. हा दुसरा आकडा ‘यूनेम -आर’च्या उत्तराशी (ती कमांड आत्ता चालू असलेला कर्नल सांगते) अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे, ४५ च्या जागी ४४ असेल तर मॉड्यूल जुन्या कर्नलसाठी बनलेलं आहे. शेवटचा शब्दही पाहा. ‘अ‍ॅडेड’ म्हणजे फक्त सोर्सची नोंद झाली, कंपाइल काहीच नाही. ‘बिल्ट’ म्हणजे तयार झालं पण जागेवर ठेवलं गेलं नाही. ‘इन्स्टॉल्ड’ असेल तरच पुढे जा.

‘अ‍ॅडेड’वर अडलं असेल तर बहुतेक वेळा हेडर्स नसतात. उबुंटूवर ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’, डेबियनवर ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’, फेडोरावर ‘कर्नल-डेव्हेल’, आर्चवर ‘लिनक्स-हेडर्स’. पण आर्चवर एलटीएस कर्नल वापरत असाल तर ‘लिनक्स-एलटीएस-हेडर्स’. उबुंटू-डेबियनवर आकडा नसलेलं हे सर्वसाधारण पॅकेजच ठेवा. एकाच कर्नलच्या आकड्याचे हेडर्स टाकले तर आजचं काम होतं, पुढच्या अपडेटला पुन्हा तीच काळी स्क्रीन.

हेडर्स असूनही कंपाइल होत नसेल तर /व्हार/लिब/डीकेएमएस/एनव्हिडिया या फोल्डरमध्ये, आवृत्तीच्या आत, ‘बिल्ड’मध्ये ‘मेक.लॉग’ ही फाइल असते. ती शेवटून वाचायची नाही. शेवटी ‘एरर २’ एवढंच असतं आणि त्यातून काही कळत नाही. वरून खाली येत ‘एरर’ हा शब्द पहिल्यांदा जिथे येतो तिथे थांबा. तिथे एखाद्या फंक्शनचं नाव अनोळखी असल्याची तक्रार असेल तर ड्रायव्हर या कर्नलसाठी फार जुना आहे. ड्रायव्हर नवा घ्या किंवा कर्नल जुना ठेवा. कंपाइलरच्या आवृत्तीबद्दल तक्रार असेल तर कर्नल ज्या जीसीसीने बांधला तो आणि मशीनवरचा जीसीसी वेगळे आहेत. आणि ‘नो स्पेस लेफ्ट’ असेल तर कारण ड्रायव्हरचं नाहीच: डिस्कवर जागा उरलेली नाही, आणि ती पुष्कळदा जुन्या कर्नलांनी अडवलेली असते. ‘डीएफ -एच’ चालवून खात्री करा आणि न लागणारे जुने कर्नल काढा, मात्र एक चालणारा राहू द्या.

फेडोरावर आरपीएम फ्यूजनच्या रिपॉझिटरीतून ‘एकमॉड-एनव्हिडिया’ टाकतात. पॅकेज मॅनेजर ‘पूर्ण’ म्हणतो तेव्हा कंपाइल मागे चालूच असतं आणि त्याला काही मिनिटं लागतात. लगेच रीस्टार्ट केलं तर अर्धवट राहतं. ‘मॉडइन्फो -एफ व्हर्जन एनव्हिडिया’ हे कॅपिटल एफ वापरून चालवा. आवृत्तीचा आकडा छापला गेला की मगच रीस्टार्ट. ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ आलं तर अजून थांबा.

उबुंटूवर ‘उबुंटू-ड्रायव्हर्स डिव्हायसेस’ने शिफारस पाहा आणि ‘सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’ चालवा. बहुतेकांनी इथेच थांबावं. ही कमांड शक्य तिथे आधीच कंपाइल केलेली आणि सही केलेली मॉड्यूल निवडते, त्यामुळे पुढचं सिक्युअर बूटचं (ओळखीची सही असलेलाच कोड सुरू होऊ देणाऱ्या सोयीचं) प्रकरण बरंचसं टळतं.

सिक्युअर बूट: निळी स्क्रीन चुकवू नका

मॉड्यूल तयार आहे, जागेवर आहे, तरी लोड होत नाही. हाताने ‘सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया’ चालवा. उत्तर ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ किंवा ‘रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल’ असं आलं तर मॉड्यूलवर ओळखीची सही नाही म्हणून कर्नल ते आत घेत नाहीये. ‘मॉकयुटिल --एसबी-स्टेट’ने सिक्युअर बूट चालू असल्याची खात्री होते.

याच्यासारखीच दिसणारी एक ओळ मात्र घाबरण्यासारखी नाही. ‘मॉड्यूल व्हेरिफिकेशन फेल्ड’ आणि शेवटी ‘टेंटिंग कर्नल’ असं लिहिलेलं असेल तर तो फक्त शेरा आहे. मॉड्यूल लोड झालेलं आहे, बिघाड दुसरीकडे शोधा.

उपाय म्हणजे सही करणाऱ्या किल्लीची मशीनच्या यादीत नोंद करणं. उबुंटूवर ती किल्ली /व्हार/लिब/शिम-साइन्ड/मॉक या फोल्डरमध्ये ‘मॉक.डीईआर’ नावाने असते, फेडोरावर /ईटीसी/पीकेआय/एकमॉड्स/सर्ट्समध्ये ‘पब्लिक_की.डीईआर’ नावाने. ‘सुडो मॉकयुटिल --इम्पोर्ट’ आणि पुढे त्या फाइलचा पत्ता द्या. ती एक पासवर्ड मागते. हा तुमच्या लॉगिनचा पासवर्ड नाही. पुढच्या स्क्रीनवर एकदाच लागणारा आहे. त्या स्क्रीनवर कीबोर्ड अमेरिकन मांडणीत चालतो, म्हणून चिन्हं टाळून साधी लहान अक्षरं ठेवा.

रीस्टार्ट केल्यावर निळी स्क्रीन येते आणि ‘कोणतीही कळ दाबा’ असं म्हणते. ती साधारण दहा सेकंद थांबते. चहाला उठलात की गेली, मशीन नेहमीसारखं सुरू होतं, किल्लीची मागणी रद्द होते आणि इम्पोर्ट पुन्हा करावं लागतं. कळ दाबल्यावर ‘एनरोल मॉक’, ‘कंटिन्यू’, ‘येस’, पासवर्ड आणि ‘रीबूट’, या क्रमाने जा. पहिल्याच मेनूत वरचा पर्याय ‘कंटिन्यू बूट’ असतो. सवयीने एंटर दाबलं तर काहीच नोंद होत नाही.

सिक्युअर बूट फर्मवेअरमधून बंद करणं हा दुसरा मार्ग. चालतो, पण त्याच डिस्कवर विंडोज आणि बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) असेल तर पुढच्या वेळी विंडोज रिकव्हरी की मागू शकतं. ती की हाताशी नसेल तर हा मार्ग घेऊ नका.

नूव्हो ताबा सोडत नाही तेव्हा

‘इन यूज’मध्ये अजून नूव्होच दिसत असेल तर /ईटीसी/मॉडप्रोब.डी या फोल्डरमध्ये ‘.कॉन्फ’ने संपणारी एक फाइल करून त्यात ‘ब्लॅकलिस्ट नूव्हो’ आणि खाली ‘ऑप्शन्स नूव्हो मोडसेट=०’ लिहितात. वितरणाचं पॅकेज हे बहुधा स्वतःच करतं. पण एवढ्याने भागत नाही, कारण मशीन सुरू होताना मुख्य डिस्क दिसण्याआधी एक छोटी फाइल सिस्टिम लोड होते, ‘इनिटरॅमएफएस’. तिच्या पोटात नूव्हो आणि जुनी सेटिंग आधीच बांधलेली असतात, आणि तुम्ही बदललेली फाइल वाचली जाण्याआधीच नूव्हो कार्डावर बसलेला असतो. म्हणून ती नव्याने बांधा: उबुंटू-डेबियनवर ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’, फेडोरावर ‘सुडो ड्रॅकट --फोर्स’, आर्चवर ‘सुडो एमकेइनिटसीपीआयओ’ आणि पुढे कॅपिटल पी. ‘सगळं बरोबर लिहिलं तरी परिणाम नाही’ या तक्रारीमागे ही विसरलेली पायरी फार वेळा असते.

संकेतस्थळावरचा ‘.रन’ इन्स्टॉलर

एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरून मिळणारी ‘.रन’ फाइल लायब्ररी थेट सिस्टिमच्या फोल्डरमध्ये लिहिते. पॅकेज मॅनेजरला त्याचा पत्ताच नसतो. पुढे पॅकेज अपडेट झालं की तो त्याच जागी आपल्या फाइल ठेवतो, आणि एका आवृत्तीचं मॉड्यूल, दुसऱ्या आवृत्तीच्या लायब्ररी अशी खिचडी होते. विशेष कारण नसेल तर ही वाट धरू नका. आधीच धरली असेल तर बाहेर पडण्याचा क्रम पाळा: आधी ‘सुडो एनव्हिडिया-अनइन्स्टॉल’, मग वितरणाची सगळी एनव्हिडिया पॅकेजेस ‘पर्ज’ करून काढणं, मग रीस्टार्ट, आणि शेवटी वितरणाच्याच मार्गाने नवीन ड्रायव्हर. उलट क्रमाने गेलात तर अनइन्स्टॉलर जाता जाता नव्या पॅकेजच्या फाइलही उचलून नेऊ शकतो.

याच कुळातली एक एरर म्हणजे ‘एनव्हिडिया-एसएमआय’ने, म्हणजे कार्डाची स्थिती दाखवणाऱ्या कमांडने, दिलेली ‘ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच’. मागे आपोआप अपडेट झाला, डिस्कवरच्या लायब्ररी नव्या झाल्या, पण मेमरीत मॉड्यूल अजून जुनंच आहे. नुसतं रीस्टार्ट करा. ‘कॅट /प्रॉक/ड्रायव्हर/एनव्हिडिया/व्हर्जन’ने मेमरीतल्या मॉड्यूलची आवृत्ती दिसते. रीस्टार्टनंतरही ती जुनीच असेल तर इनिटरॅमएफएसमध्ये जुनं मॉड्यूल राहिलं आहे. ते पुन्हा बांधा.

मॉड्यूल ठीक, तरी डेस्कटॉप मंद

‘मेसा-युटिल्स’ पॅकेज टाकून ‘जीएलएक्सइन्फो -बी’ कॅपिटल बी वापरून चालवा आणि ‘रेंडरर’ची ओळ पाहा. तिथे कार्डाचं नाव हवं. ‘एलएलव्हीएमपाइप’ असेल तर सगळं चित्र प्रोसेसर काढतोय, कार्ड रिकामं बसलंय. कारणं: राहून गेलेला ‘नोमोडसेट’, कार्डापेक्षा जुना मेसा, किंवा ‘.रन’ने विस्कटलेल्या लायब्ररी.

एक्स सर्व्हर सुरूच होत नसेल आणि लॉगमध्ये ‘नो स्क्रीन्स फाउंड’ असेल तर /ईटीसी/एक्स११/एक्सऑर्ग.कॉन्फ ही फाइल आहे का पाहा. आजच्या सिस्टिमला ती बहुधा लागत नाही. जुन्या कार्डाच्या वेळी एखाद्या साधनाने लिहिलेली राहून जाते आणि नसलेल्या ड्रायव्हरचं नाव सांगत बसते. काढून टाकू नका, नाव बदलून बाजूला ठेवा आणि पुन्हा सुरू करा. एक्सचा लॉग /व्हार/लॉगमध्ये किंवा होम फोल्डरमधल्या .लोकल/शेअर/एक्सऑर्गमध्ये सापडतो, त्यात ‘ईई’ अशी खूण असलेल्या ओळी म्हणजे एरर.

वेलँडवर एनव्हिडिया चालवताना ‘सुडो कॅट /सिस/मॉड्यूल/एनव्हिडिया_डीआरएम/पॅरामीटर्स/मोडसेट’चं उत्तर ‘वाय’ हवं. ‘एन’ असेल तर कर्नलच्या ओळीत ‘एनव्हिडिया-डीआरएम.मोडसेट=१’ जोडा.

दोन कार्डांच्या लॅपटॉपवर ‘रेंडरर’मध्ये इंटेल किंवा एएमडीचं अंतर्गत कार्ड दिसणं हा बिघाड नाही. बॅटरी वाचावी म्हणून डेस्कटॉप मुद्दाम त्याच्यावर चालतो. एखादाच प्रोग्रॅम मोठ्या कार्डावर हवा असेल तर एनव्हिडियासाठी त्याच्या आधी ‘प्राइम-रन’ लिहा, मेसावर चालणाऱ्या कार्डासाठी ‘डीआरआय_प्राइम=१’. बाहेरचा मॉनिटर फक्त एका पोर्टवर चालत नसेल तर ते पोर्ट मोठ्या कार्डाला जोडलेलं असण्याची शक्यता मोठी, म्हणजे तपासणी पुन्हा त्या कार्डाच्या मॉड्यूलपासून.

डेस्कटॉप चपळ, ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ठीक, पण फ्लॅटपॅकमधला (सिस्टिमपासून वेगळ्या डब्यात चालणारा) प्रोग्रॅम मात्र मंद असेल तर ड्रायव्हरला हात लावू नका. फ्लॅटपॅक स्वतःची एनव्हिडिया लायब्ररी वेगळी ठेवतो आणि तिची आवृत्ती कर्नल मॉड्यूलशी जुळावी लागते. ‘फ्लॅटपॅक अपडेट’ चालवल्यावर ती येते. फक्त ३२ बिटचे खेळ उघडत नसतील तर ड्रायव्हरच्या ३२ बिट लायब्ररी राहिल्या आहेत. उबुंटू-डेबियनवर आधी ‘डीपीकेजी’ला आय३८६ ही आर्किटेक्चर जोडावी लागते.

डीकेएमएस वापरत असाल तर पुढच्या कर्नल अपडेटनंतर रीस्टार्टचं बटण दाबण्याआधी ‘डीकेएमएस स्टेटस’ एकदा चालवा. नव्या कर्नलच्या आकड्यासमोर ‘इन्स्टॉल्ड’ दिसत नसेल तर रीस्टार्ट करू नका. डेस्कटॉप अजून समोर आहे, ब्राउझर उघडा आहे, हेडर्स टाकायला आणि मेक.लॉग वाचायला याहून सोयीची वेळ नाही.